चित्रात काय कमी आहे?

"बोला कारखानीस, या बाईच्या चेहऱ्यात काय कमी आहे?"

घैसाससरांनी पुठ्ठ्याचं पिवळं पडलेलं कार्ड अगदी माझ्या नाकासमोर धरलं. मी प्रयोगशाळेच्या स्टुलावर चढून कपाटावरची जळमटं काढत होते आणि तोंडावर पदर बांधलेला होता.

"कुंकू, सर," मी पदरातूनच म्हटलं. "मी इथे नोकरीला लागल्यापासून कुंकूच कमी आहे. अजून कुणी लावलं नाही तिला."

सर हसले. साताऱ्यातल्या आमच्या कॉलेजात मानसशास्त्राचे विभागप्रमुख होते ते. बारीक अंगाचे, जाड भिंगाचे आणि मनाने लोण्यासारखे. दरवर्षी जूनमध्ये नव्या वर्गापुढे ते हेच कार्ड धरायचे आणि सगळा वर्ग एका सुरात "कुंकू!" ओरडायचा. मग सर सुरू व्हायचे. परदेशातून आलेल्या बुद्धिमापन चाचणीत एका घराचं चित्र होतं आणि त्या घराला धुराडं नव्हतं. आता आपल्याकडच्या मुलांना घरावरचं धुराडं काय माहीत? साताऱ्यात धुराडं असतं ते गुऱ्हाळाला! मुलं गप्प बसायची आणि मंद ठरायची. विभागाचे संस्थापक मोघेसर यांना हे सहन झालं नाही. त्यांनी धुराड्याचं घर काढून टाकलं आणि त्या जागी कुंकू नसलेली बाई काढली. गळ्यात मंगळसूत्र नसलेली दुसरी, हातात बांगड्या नसलेली तिसरी. बैलगाडी, रहाट, पाटा-वरवंटा अशी पुढची सगळी चित्रं आपल्या मातीतली. मोघेसर जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, पण त्यांचं नाव काढलं की घैसाससरांचा आवाज ओला व्हायचा.

साल पंच्याण्णव. विभागाचा वर्धापन सोहळा तोंडावर आला होता. सरांनी खास काचपेटी करून घेतली होती आणि तिच्यात तो कार्डांचा खोका मांडायचा होता. स्मरणिकेत विभागाचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं, कारण 'मानसशास्त्राचा इतिहास' हा पेपर मी शिकवायची. काय पेपर होता तो! पहिल्या पानापासून शेवटपर्यंत दाढीवाले पुरुष. कुणी कुठे प्रयोगशाळा उघडली, कुणी कुणाशी भांडला. ज्यांच्यावर प्रयोग झाले ती माणसं कोण, हे मात्र कुठेच नाही. त्यांना आमच्या भाषेत 'प्रयुक्त' म्हणतात. वापरलेला, एवढाच अर्थ.

"म्हणूनच मला एक सुचलंय," सर म्हणाले आणि त्यांनी खिशातून एक फोटो काढला. शाळेच्या पायरीवर मोघेसर उभे होते आणि त्यांच्यापुढे तीन मुलं, दोन मुलगे आणि एक परकरातली मुलगी. "साठ साली पहिली चाचणी झाली ती यांच्या वर्गावर. घेणारा मीच होतो, तेव्हा मी बीएला होतो. या तिघांना शोधा. आपण व्यासपीठावर त्यांचा सत्कार करू. शाल, श्रीफळ, सगळं. प्रयुक्तांचा सत्कार आजवर कुणी केला नसेल!"

कल्पना मला मनापासून आवडली. उगाच नाही म्हणत, सर होतेच तसे.

पहिला मुलगा सापडायला वेळ लागला नाही, तो आता बँकेत मॅनेजर होता. सत्कार म्हटल्यावर शाळिग्रामसाहेबांनी तिथल्या तिथे डायरीत तारीख लिहून टाकली. दुसरा सुरतेला स्थायिक झालेला. "आणि ही मालन," परकरातल्या मुलीवर बोट ठेवून ते म्हणाले. "आता निकमांची सून. पोलीस लाइनीमागे तिची पिठाची गिरणी आहे. हुशार होती हो. पाढे म्हणायला मास्तर तिला पुढे उभं करायचे. चौथीनंतर शाळेत दिसली नाही."

गिरणीत शिरले तेव्हा पट्ट्याचा खडखडाट चालला होता आणि मालनबाई डोक्याला फडकं बांधून जोंधळे ओतत होत्या. भुवया, पापण्या पिठानं पांढऱ्या. मी ओरडून ओरडून सत्कार, सत्कार म्हणत होते आणि त्यांना वाटत होतं मी दळण टाकायला आलेय. शेवटी त्यांनी गिरणी बंद केली आणि मला मागच्या खोलीत नेलं. भिंतीशी एक पंधरा-सोळा वर्षांची मुलगी गुडघ्यात मान घालून बसली होती. डोळे रडून सुजलेले.

"ही आमची सारिका," मालनबाई म्हणाल्या. "नववीत गणितात गेली. सोमवारी दाखला काढून आणणारय तिचा. बसा की. सत्कार कुणाचा म्हणालात?"

मी फोटो पुढे केला. त्यांनी पदराला हात पुसून तो घेतला आणि बराच वेळ पाहिला. मग परत दिला.

"नको ओ बाई. त्या परीक्षेत मी नापास झालेली. नापासाचा कुठं सत्कार असतो होय?"

"ती परीक्षा नव्हतीच. चाचणी होती. त्यात पास-नापास नसतं."

"नसतं कसं? त्यावरच तर शाळा सुटली माझी." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. दळणाचा भाव सांगावा तसं त्या सांगत होत्या. "एकेकाला आत बोलवत होते. शाळिग्रामांचा मुकुंद गेला तो बाहेर यायचं नाव घेईना. मी गेले न गेले तोच परत आले. पळत घरी गेले आणि आईला सांगितलं, मी सगळ्यांच्या आधी सुटले! काय आनंद झाला होता मला. आईनं हातावर गूळ ठेवला."

"मग?"

"मग दोन दिवसांनी तुमच्या फोटोतल्या मोठ्या सरांनी आईला शाळेत बोलावलं. फार चांगले बोलले. म्हणाले, बाई, मुलगी गुणाची आहे, पण बुद्धीनं मंद आहे, पुस्तकाचा ताण तिला झेपायचा नाही. हाताचं काम शिकवा, त्यात तिचं सुख आहे. आई लोकांच्यात स्वयंपाकाला जायची. एवढ्या शिकल्यासवरल्या माणसानं तपासून सांगितलं म्हटल्यावर ती काय बोलणार? दुसऱ्या दिवसापासून मी पापड लाटायला." त्यांनी सारिकाकडे पाहिलं. "हिचं डोकं माझ्यावरच गेलंय. उगाच पोरीला शाळेत रगडायची आणि रडवायची. नको त्यापेक्षा."

"मी परत अभ्यास करते म्हणतेय ना!" सारिका एकदम उसळली. "एका विषयात गेले तर लगेच मंद कशी?"

"गप. मला माहीतय ना काय असतं ते."

मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "कसली चित्रं होती, आठवतं?"

"बायकांची. पहिली तर अगदी आमच्या आईसारखी होती. डोक्यावर पदर, नाकी डोळी नीटस. चष्मेवाले एक बारके मास्तर होते, ते म्हणाले, यात काय कमी आहे? मी म्हटलं, काय नाही. मग नुसता गळा, मग नुसते हात. त्यातही काय कमी दिसेना. मग म्हणाले, बास, जा बाळ." त्या माझ्याकडे वळल्या. "बाई, तुम्ही तिथंच शिकवता ना? एवढं सांगा. काय कमी होतं ओ त्यात? आजवर कुणी सांगितलं नाही मला. कधी जेवताना आठवतं, कधी दळताना. घास तसाच राहतो."

सारिकाच्या डोक्यावर, भिंतीवर एका बाईचा फोटो होता. त्याला चंदनाचा हार घातलेला. डोक्यावर पदर, सरळ नाक, आणि कपाळ मोकळं. गळा मोकळा. मांडीवर ठेवलेले दोन्ही हात मोकळे.

"त्या तुमच्या आई?"

"हो. मी पोटात होते तेव्हाच वडील गेले."

चाचणीचा एक नियम मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून देत होते: चित्रं सोप्याकडून अवघडाकडे लावायची आणि सलग तीन चुकली की थांबायचं. मूल उगाच हिरमुसू नये म्हणून पुढची दाखवायचीच नाहीत. सौभाग्याची ती तीन कार्डं मोघेसरांनी सगळ्यात आधी ठेवली होती, कारण ती शेंबडं पोरही ओळखेल अशी त्यांची खात्री होती.

"मी कार्डं घेऊन येते," मी म्हटलं. "सोमवारच्या आत येते. तोवर दाखल्याचं नाव काढू नका, पाया पडते तुमच्या."

घैसाससर काचपेटी फडक्यानं पुसत होते. मी एका दमात सगळं सांगितलं. त्यांचा हात आधी सावकाश झाला, मग थांबला.

"तिला बोलावू नका मग," ते म्हणाले. "तिलाही अवघड वाटेल. दोघांचा सत्कार करू."

"आणि इतिहासात काय लिहू?"

"जे घडलं ते लिहा. धुराड्याच्या जागी कुंकू आलं. केवढी मोठी गोष्ट आहे ती!"

"आहेच. पण मालनही घडलीच ना सर? ती कुठे लिहू?"

"कारखानीस, आजचा चष्मा लावून साठ सालाकडे बघायचं नसतं. हे तुम्हीच पोरांना शिकवता. माणसाला त्याच्या काळाच्या मापानं मोजावं. तेव्हा असा विचार कोण करत होतं?"

"चष्मा राहू दे बाजूला. साठ साली साताऱ्यात विधवा बायका नव्हत्या का?"

आवाज चढलाच माझा. शिपाई डोकावून गेला. सर चिडतील असं वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं, मलाही भांडायला जोर आला असता. पण ते खुर्चीवर बसले आणि चष्मा काढून नुसतेच फडक्याकडे बघत राहिले.

"कार्डं आम्ही मोघेसरांच्या स्वयंपाकघरात बसून रंगवली," ते म्हणाले. "उजेड तिथेच चांगला होता. मी त्यांच्याकडे वारावर जेवायचो. सरांच्या आई चुलीपुढे असायच्या. आलवण नेसलेल्या, केस काढलेल्या. चहा त्याच आणून द्यायच्या. सर कुंकवाच्या जागेकडे बोट दाखवून मला म्हणाले, घैसास, इथे काही राहता कामा नये, चुकूनही ठिपका पडू देऊ नकोस. आणि त्या आमच्या पाठीमागे कपबशा घेऊन उभ्या होत्या."

"काही म्हणाल्या?"

"नाही. चहा गार होईल म्हणाल्या."

मी कार्डांच्या कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली आणि घरी गेले. राग उतरला होता, पण त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं. मला मोघेसरांचीही कीव येत होती. सातासमुद्रापलीकडच्या चाचणीतली चूक या माणसाला दिसली, आणि जन्मदात्रीचं कपाळ रोज समोर असून दिसलं नाही.

गुरुवारी सकाळी दाराची कडी वाजली. सर. काखेत तो खोका.

"चला," ते म्हणाले. "एक चाचणी अर्धवट राहिलीय."

गुरुवार हा तिकडे वीज बंद राहायचा वार, त्यामुळे गिरणी मुकी होती. मालनबाई गहू निवडत होत्या, सारिका समोर बसून त्यातले खडे काढत होती. सरांना पाहून मालनबाई उठल्या. एकदा चष्म्याकडे पाहिलं, एकदा काखेतल्या खोक्याकडे.

"तुम्हीच का ओ ते बारके मास्तर?"

"हो. मीच."

"म्हातारे झाला की!"

"झालो," सर म्हणाले. त्यांनी सतरंजीवर बैठक मारली आणि खोका उघडला. पद्धत एकदम चोख. कार्ड पालथं ठेवायचं, मुलानं डोळे वर केले की उलटायचं. आम्ही वर्गात शिकवतो तसंच.

"मालनताई, या चित्रात काय कमी आहे?"

त्यांनी कार्ड हातात घेतलं. चाचणीत ते चालत नाही, पण सर काही बोलले नाहीत.

"ही विधवा बाई आहे," त्या म्हणाल्या. "तेव्हाही मला तसंच वाटलं होतं. हिचा नवरा वारलाय, आमच्या आईचा वारला तसा. मग हे गळ्याचं चित्र तिचंच. हातही तिचेच. यात कमी काय असायचं? काही नाही."

"आम्हाला 'कुंकू' हे उत्तर हवं होतं," सर म्हणाले. "मग मंगळसूत्र. मग बांगड्या."

सारिकानं सूप खाली ठेवलं. मालनबाईंनी कार्ड खाली ठेवलं, भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं, पुन्हा कार्डाकडे. त्यांचा चेहरा पिठासारखा झाला आणि मग एकदम लाल.

"आई आली होती तुमच्याकडे," त्या म्हणाल्या. "मोठ्या सरांच्या टेबलासमोर उभी होती. तुम्ही पण होता तिथं, कोपऱ्यात. तिनं मला सांगितलंय सगळं. तिचं कपाळ दिसत होतं ना तुम्हाला? पदर घेतला तरी कपाळ झाकत नाही ओ!"

"हो. दिसत होतं."

"समोर उभ्या बाईचं कपाळ दोघा मास्तरांना दिसलं नाही, आणि मंद मी?"

सरांनी मान खाली घातली. समजूत घालणारं एक अक्षरही त्यांनी काढलं नाही आणि त्यासाठी मी त्यांना आजही मानते. मालनबाई रडायला लागल्या. दबकत नाही, ऊर फुटल्यासारख्या. "गूळ दिला होता ओ तिनं मला," एवढंच मधून मधून म्हणत होत्या. सारिकानं उठून त्यांचं डोकं छातीशी धरलं. माझेही डोळे वाहत होते, पुसायचं भान कुणाला?

बऱ्याच वेळानं त्यांनी नाक पुसलं आणि खोक्याकडे मान वळवली.

"त्यात अजून काय आहे?"

"पुढची चित्रं," सर म्हणाले. "पहिली तीन तुमची बरोबर आहेत. नियमानं मला आता पुढे जायला हवं."

आणि ते गेले. बैलगाडी उलटली. "खीळ," मालनबाई म्हणाल्या. "चाकाला खीळ नाही, चाक निघून पडंल." घड्याळ. "लहान काटा." रहाट. "दोर कुठाय?" पाटा. त्यावर त्या चक्क हसल्या, "वरवंटा कुणी शेजारीण घेऊन गेली वाटतं!" हळूहळू त्यांनी पदर खोचला आणि मांडी घालून पुढे सरकल्या. चित्रं अवघड होत गेली तशी उत्तरं सावकाश झाली, पण येत राहिली. शेवटचं कार्ड बीएच्या पोरांनाही छळायचं. खोलीत समई जळतेय, एक माणूस पोथी वाचतोय, मागे भिंत.

मालनबाईंनी वाकून पाहिलं. पुन्हा पाहिलं. सारिकानं तोंड उघडलं.

"गप, सांगू नको," त्या म्हणाल्या. "मला बघू दे."

आम्ही थांबलो. सरांनी घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"सावली," मालनबाई म्हणाल्या. "दिवा आहे, माणूस आहे, आणि भिंतीवर त्याची सावलीच नाही."

सरांनी कार्ड खोक्यात ठेवलं. "बरोबर."

"अजून आहेत?"

"संपली, मालनताई."

"सगळी बघितली मी?"

"सगळी."

त्या सारिकाकडे वळून म्हणाल्या, "सारे, सोमवारी शाळेत जायचंय. दाखल्याला नाही. तुझ्या गणिताच्या मास्तरांना विचारायचंय, काय विचारलं होतं आणि तू काय लिहिलंस ते. मला बघायचंय." पोरीनं आईच्या गळ्यालाच मिठी मारली. निवडलेले गहू सगळ्या सतरंजीवर सांडले.

निघताना मी विचारलं, "स्मरणिकेत तुमचं नाव लिहू का? नुसतं 'एक मुलगी' नको वाटतं मला."

"लिहा. आईचंही लिहा. सोनाबाई जाधव." मग त्या सरांना म्हणाल्या, "मास्तर, ही चित्रं ठेवून जाता का? सारखी सारखी बघावीशी वाटतायत. सत्काराचं मात्र राहू दे."

सोहळा आठवड्यावर आला होता. काचपेटी रिकामी पडणार होती. सरांनी खोका दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे ठेवला.

स्मरणिकेत मी दोन्ही लिहिलं. धुराडं काढणारे मोघेसरही लिहिले आणि मालन आणि सोनाबाईही. सरांनी माझा मजकूर वाचला, त्यातली एक शुद्धलेखनाची चूक दुरुस्त केली आणि छापायला पाठवला. सोहळ्याच्या दिवशी शाळिग्रामसाहेब शाल पांघरून ऐटीत बसले होते. प्रमुख पाहुणे विभाग बघायला आले तेव्हा दिवा लावलेल्या त्या रिकाम्या पेटीसमोर थबकले.

"हे काय घैसास? यात तर काहीच नाही!"

"कार्डं एका विद्यार्थिनीकडे आहेत, साहेब," सर म्हणाले. "साठ सालची आहे. तिची चाचणी अजून चालू आहे."